मुंज लागते ती कोणाची?

मुंजीत सगळ्यांच्या नजरा बटूवर असतात. चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळचे जुने कार्यालय असो की निगडी-प्राधिकरणातला नवा हॉल, गोटा करून शेंडी राखलेला, सोवळे नेसलेला, मुंडावळ्या बांधलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा पाटावर बसलेला असतो आणि मामा, मावश्या, आज्या त्याच्याभोवती गोळा झालेल्या असतात. शेजारी बसलेल्या वडिलांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ते गुरुजींमागून मंत्र म्हणतात, सांगतील तेव्हा पळीने पाणी सोडतात आणि मधूनच जेवणाच्या पंगतीची चौकशी करतात.

जुनी गृह्यसूत्रे उघडली की मात्र नजर या दुसऱ्या माणसावर खिळते. महाराष्ट्रात बहुतेक घरी वडीलच आचार्य होतात, आणि आचार्याने त्या दिवशी काय पत्करायचे हे सूत्रकारांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. मुंज म्हणजे मुलाला काहीतरी मिळणे, जानवे मिळणे, अधिकार मिळणे, असे आपण धरून चालतो. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. मुलाच्या कमरेला मेखला बांधली जाते त्याच वेळी एका मोठ्या माणसालाही बांधून घेतले जाते, आणि ही दुसरी गाठ विसरल्यामुळे मुंजीचा अर्थ विचारला की आज बहुतेकांची अडचण होते.

विधीतल्या काही कृती पाहाव्यात. आश्वलायनाने सांगितल्याप्रमाणे आचार्य स्वतःची ओंजळ पाण्याने भरतो, मुलाचीही भरतो, आणि आपल्या ओंजळीतले पाणी मुलाच्या ओंजळीत सोडतो. मग तो मुलाचा हात धरतो, त्याला सूर्य दाखवतो, सविता देवाला सांगतो की हा तुझा ब्रह्मचारी आहे, याला सांभाळ. पुढे तो मुलाच्या हृदयावर हात ठेवतो आणि माझ्या व्रतात तुझे मन राहो, माझ्या मनामागे तुझे मन येवो अशा आशयाचा मंत्र म्हणतो. जवळजवळ हाच मंत्र विवाहात नवरा-बायकोसाठी आहे. दोन परक्या जिवांनी आयुष्य जोडायचे असेल तेव्हा जी भाषा वापरायची, तीच शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यासाठी वापरायची, असा त्यामागचा भाव दिसतो.

याहून धीट प्रतिमा अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातल्या ब्रह्मचारी सूक्तात आहे. तिथे आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या उदरात गर्भासारखा वाढवतो. शतपथ ब्राह्मणही हीच कल्पना पुढे नेते. मुलाचा दुसरा जन्म म्हणजे द्विजत्व, हे वाक्य आपल्या तोंडात इतके बसले आहे की जन्म देणारा कोण, त्याने काय सोसायचे, हा प्रश्न मनात येतच नाही. गर्भ वाहणाऱ्याच्या वाट्याला कळा येतातच.

आपस्तंबाने तर आचार्याची कर्तव्येच सांगितली आहेत. शिष्यावर मुलासारखे प्रेम करावे, काहीही राखून न ठेवता त्याला शिकवावे, स्वतःच्या कामाला जुंपून त्याचा अभ्यास बुडवू नये, अडचणीचा प्रसंग सोडून. आणि शिकवण्यात जो हयगय करतो तो आचार्य उरत नाही. धर्मसूत्रे एरवी शिष्याच्या नियमांनी भरलेली आहेत: दिवसा झोपू नको, गुरूच्या आधी ऊठ, समिधा आण, भिक्षा माग. त्या गर्दीत गुरूला पदावरून दूर करणारी ही ओळ उठून दिसते.

आता दोऱ्याकडे. इंग्रजी बोलणारे या संस्काराला दोऱ्याचा विधी म्हणतात, आणि आपल्याकडेही मुंज म्हणजे जानवे असे समीकरण झाले आहे. नऊ सुतांचे तीन पदर, त्यावर ब्रह्मगाठ, चार बोटांवर शहाण्णव वेढे घेऊन मापलेले सूत, श्रावणीला नवे जानवे, हे सगळे घरोघर ठाऊक आहे. पण महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात पुरावे मांडून दाखवले आहे की प्राचीन ग्रंथांत यज्ञोपवीत म्हणजे मुख्यतः डाव्या खांद्यावरून विशिष्ट रीतीने घेतलेले उत्तरीय, वस्त्र किंवा अजिन. नुसते सूत ही त्याची पर्यायी सोय होती. सोय पुढे मुख्य झाली आणि अंगावरची खूण माणसाच्या प्रतिष्ठेची मोजपट्टी बनली. संस्काराचा गाभा मात्र गायत्रीच्या उपदेशात होता, विश्वामित्राच्या नावावर असलेल्या त्या ऋचेत, जी बुद्धीला चालना मिळावी एवढेच मागते.

आजच्या मुंजीवर एक तक्रार नेहमी होते: सगळे एका दिवसात उरकले जाते. घाणा, देवक, ग्रहमख, चौल, मातृभोजन, मंगलाष्टके, उपदेश, भिक्षावळ आणि संध्याकाळपर्यंत मेधाजननसुद्धा. तक्रार खरी आहे, पण ती फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणातच नोंद आहे की पूर्वी सावित्रीचा उपदेश वर्षानंतर होत असे, मग सहा महिन्यांनी, चोवीस दिवसांनी, बारा, सहा, तीन दिवसांनी आणि शेवटी लगेच. आटोपशीरपणा चिंचवडच्या कारखान्यांतल्या पाळ्यांनी आणलेला नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीही लोकांना घाई होती. लोकांनी काही गोष्टी प्रेमाने वाढवल्याही आहेत. आईने अष्टवर्गातल्या मुंजा मुलांसह बटूला जेवू घालायचे, आई-मुलाने एका ताटात शेवटचे जेवायचे, हे मातृभोजन गृह्यसूत्रांत नाही. कोणा आयांनी ते मागून घेतले असेल, आणि बरे केले. ज्या विधीत मुलगा आईकडून आचार्याकडे जातो, तिथे आईचा घास नसता तर विधी कोरडा झाला असता.

भिक्षावळीचा अर्थ मात्र पुरता हरवला आहे. भिक्षा पहिल्यांदा आईकडे मागायची, कारण ती नाही म्हणणार नाही, आणि मिळालेले सगळे आचार्यापुढे ठेवायचे. मुलाच्या शिक्षणाचा भार गावाने उचलायचा आणि मुलाने आपण गावाचे देणे लागतो हे रोज दारोदार जाऊन लक्षात ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. पुण्या-मुंबईत विसाव्या शतकातही गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा सात घरी सात वार लावून जेवून शिकले. आता झोळीत लाडू, चॉकलेटे आणि पाकिटे पडतात. देणाऱ्यांच्या हातात माया असते यात शंका नाही. पण शेजारच्या वस्तीतल्या ज्या मुलाची फी थकली आहे त्याच्यापर्यंत ती झोळी पोचत नाही, आणि पोचायला हवी.

इथवर मुंजीच्या उजळ बाजूविषयी. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही, आणि त्यासाठी चिंचवडकराला लांब जावे लागत नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर आळंदी आहे.

ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते परत संसारात आले, आणि संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांची मुंज करायला आळंदीच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. परंपरा सांगते की आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरीही प्रश्न सुटला नाही. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत जावे लागले. रेड्यामुखी वेद बोलवल्याची कथा तिथलीच. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या कथेत लोकांनी राखून ठेवलेला सवाल स्पष्ट आहे: वेद कोणी म्हणायचा हे ठरवण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? ज्या मुलाची मुंज नाकारली गेली त्याने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेवर मराठी टीका सांगितली. आणि त्याचा गुरू कोण? थोरला भाऊ. निवृत्तीनाथांना गहिनीनाथांकडून जे मिळाले ते त्यांनी राखून न ठेवता धाकट्याला दिले. आपस्तंबाची आचार्याची कसोटी लावली तर आळंदीतले शास्त्री नापास होतात आणि एक पोरका मुलगा उत्तीर्ण होतो. धाकटी मुक्ताबाई पुढे चांगदेवांची गुरू झाली, हेही त्याच घरातले.

नकाराची ही मालिका पुढेही लांबत गेली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला, पण त्याआधी २९ मे रोजी रायगडावर गागाभट्टांनी त्यांचे मौंजीबंधन केले. तेव्हा महाराज चव्वेचाळीस वर्षांचे होते. क्षत्रियाच्या मुंजीची शास्त्रातली कमाल मर्यादा बावीस. स्वराज्य उभे केलेल्या माणसाला सिंहासनावर बसण्याआधी बटू व्हावे लागले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला, आणि त्या वेदोक्त प्रकरणाने महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले.

या सगळ्याचा सर्वात कठोर तात्त्विक हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात त्यांचा युक्तिवाद उपनयनावरच उभा आहे: शूद्र हे मुळात क्षत्रियच, ब्राह्मणांशी झालेल्या संघर्षानंतर ब्राह्मणांनी त्यांचे उपनयन करायचे नाकारले आणि त्यामुळे ते चौथ्या वर्णात ढकलले गेले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा दाखला त्यात आहे, आणि ग्रंथ अर्पण केला आहे महात्मा फुल्यांना. आंबेडकरांचा इतिहास इतिहासकारांना पूर्ण मान्य असो वा नसो, त्यांनी बोट ठेवलेली जागा अचूक आहे. कोणाला शिकवायचे हे ठरवण्याची सत्ता हाती आली की शिकवण्याचे कर्तव्य मागे पडते. मुंज ज्यांनी नाकारली त्यांनी समोरच्याचे नुकसान केलेच. पण शिकवायला बांधलेला माणूस शिकवायला नकार देतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या मुंजीलाही काही अर्थ उरत नाही.

परंपरेच्या आत याचे उत्तर नव्हते असे नाही. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल गौतम ऋषींकडे येतो तेव्हा त्याला आपले गोत्र ठाऊक नसते. आईने सांगितलेले तो जसेच्या तसे सांगतो: तरुणपणी अनेकांकडे कामाला होते, तुझा बाप कोण मला माहीत नाही. गौतम म्हणतात, समिधा घेऊन ये, तुझे उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस. गोत्राचा रकाना रिकामा, तरी प्रवेश पक्का. हारीताच्या धर्मसूत्रात स्त्रियांचे दोन प्रकार सांगून ब्रह्मवादिनींना उपनयन, अग्नी आणि वेदाध्ययन सांगितले आहे. मनूने मात्र विवाह हेच स्त्रीचे उपनयन ठरवून तो रस्ता बंद केला.

आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक नोंद बौधायनाकडे आहे. ब्राह्मणाची मुंज वसंतात, क्षत्रियाची ग्रीष्मात, वैश्याची शरदात, आणि रथकाराची पावसाळ्यात. रथकार म्हणजे रथ घडवणारा कारागीर. तो तीन वर्णांत बसतो की नाही यावर मीमांसकांनी जैमिनीच्या सहाव्या अध्यायात खल केला आणि निष्कर्ष काढला की तो तीन वर्णांतला नाही, तरीही श्रुतीने सांगितला असल्यामुळे त्याला अग्न्याधानाचा अधिकार आहे. ज्या पट्ट्यात स्कूटरी, ट्रक आणि मोटारी बनतात तिथे हे सूत्र वाचताना वेगळेच वाटते. हाताने वाहन घडवणाऱ्याला अग्नीपाशी जागा होती. पुढच्या काळात ती गेली, आणि तिच्याबरोबर हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान मानण्याची सवयही गेली.

ती सवय आज कायद्याने थोडी परत आणली आहे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराची कर्तव्ये आहेत तशीच मालकाचीही आहेत. करार करायचा, प्रशिक्षण द्यायचे, विद्यावेतन द्यायचे. शिकायला आलेल्या मुलाला नुसते राबवून घेणे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. आपस्तंबाचे सूत्र आणि या कायद्याची कलमे शेजारी ठेवली तर आशय आश्चर्यकारक जुळतो. आयटीआयमधून आलेल्या पोराला लेथवर उभे करून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता हातात उतरेपर्यंत त्याच्या मागे उभा राहणारा जुना फोरमन हा आचार्यच. त्याला कोणी मंत्र सांगितला नसेल. राखून न ठेवणे त्याला माहीत असते.

मराठी मुलखाने मुंजीला आणखी एक उत्तर दिले ते तुळशीच्या माळेचे. देहूचे तुकोबा जन्माने शूद्र मानले गेले. वेदाच्या अक्षरावर त्यांचा अधिकार नाही म्हणून वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला, गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली, आणि तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. चिंचवडचे चिंतामणी महाराज देव आणि तुकोबा यांच्या भेटीची, एकत्र भोजनाची कथा या परिसरात आजही आदराने सांगतात. वारकऱ्याची माळ कोणत्याही जातीचा माणूस, बाई किंवा पुरुष, कोणत्याही वयात घालतो. तीही व्रतबंधच आहे: एकादशी, हरिपाठ, मांसाहार आणि व्यसन वर्ज्य, वारी. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची मुले ज्ञानेश्वरी, गाथा शिकू लागली. ज्या गावाने ज्ञानदेवांची मुंज नाकारली त्याच गावात त्यांचा ग्रंथ सर्व जातींच्या मुलांना शिकवला जातो. याला सहाशे वर्षांहून जास्त काळ जावा लागला, हे मात्र विसरू नये.

पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने या संस्काराची मांडणी नव्याने केली. तिथे मुलींची मुंज होते, स्त्रिया पौरोहित्य करतात आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगितला जातो. प्रबोधिनीचे एक केंद्र निगडीला आहे. तिच्या शाळांत कुमारवयातल्या मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार होतो. जात विचारली जात नाही, अभ्यास आणि शरीर-मनाची घडण यांचे व्रत घेतले जाते. आठव्या वर्षी मुलाला व्रत म्हणजे काय हे कळत नाही, तेराव्या-चौदाव्या वर्षी थोडेफार कळते, असा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे.

आणि खुद्द चिंचवडगावात, चापेकर बंधूंच्या या गावात, क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् आहे. गिरीश प्रभुणे यांनी आधी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला आणि नंतर इथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांच्या शिक्षणात आयुष्य घातले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्यांची मुले इथे राहून पुस्तकांबरोबर हस्तकला आणि कारागिरी शिकतात. उपनयनाचा मूळ व्यवहार हाच होता: मुलाला आपल्या घरात घेणे, त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची काळजी वाहणे, आणि शिकवणे. ज्याच्या दारात कोणी मुलगा शिकायला येत नाही त्याने या गुरुकुलात एकदा जावे.

मग लाखो रुपये खर्च करून हॉलमध्ये मुंज करणाऱ्या चिंचवडच्या कुटुंबाने काय करावे? मुंज करू नये, असे म्हणणे सोपे आणि उथळ आहे. मुलाच्या आयुष्यात एक दिवस असा असावा की घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला सांगावे, आता तू शिकायला लागलास. ही गोष्ट मोलाची आहे. मुलीसाठीही तो दिवस असावा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या करायला मुलाला एकटे बसवून बाप पहिल्या पाळीची बस पकडायला निघून गेला, तर आदल्या दिवशीच्या ओंजळीतले पाणी वाहून गेले. दिवसातला अर्धा तास, स्वतःला येते ते राखून न ठेवता मुलाला शिकवायचे, मग ते संध्येचे मंत्र असोत, पाढे असोत, सायकलची चेन बसवणे असो किंवा चरित्र वाचणे असो, एवढे बापाने आणि आईने पत्करले तर मुंज लागली. शेजारच्या एका मुलाला त्या अर्ध्या तासात बसवून घेतले तर भिक्षावळही पूर्ण झाली.

या संस्काराचे दुसरे टोक म्हणजे सोडमुंज, समावर्तन. आता ती बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी, सीमांतपूजनाच्या गडबडीत दहा मिनिटांत होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य शिष्याला निरोप देताना सत्य बोल, आईवडिलांना देव मान, अभ्यासात आळस करू नको असे सांगतो. आणि मग सांगतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, बाकीची घेऊ नको. ज्याने बारा वर्षे शिकवले तो निरोपाच्या क्षणी आपल्यात न घेण्यासारखेही काही आहे हे मान्य करतो. आज हे वाक्य गुरुजी संस्कृतात म्हणतात आणि विधी पुढे सरकतो. बापाने ते स्वतः, मराठीत, मुलाकडे पाहून म्हणायला शास्त्राची कुठलीही आडकाठी नाही.